स्वस्तातलं बॅकिंग घेतलं तर मासा जाईल का?

पत्र थोडक्यात असं आहे. डेट्रॉइटच्या उपनगरात राहणारे एक वाचक, वय ४१. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मित्रामुळे फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला हलका नकली किडा (फ्लाय) बांधून मासे धरण्याचा नाद लागला. मागच्या महिन्यात एका गराज सेलमध्ये दोन जुन्या रील मिळाल्या, एक ५ वेटची आणि एक ८ वेटची (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा आकडा, मोठा आकडा मोठ्या माशासाठी), दोन्ही मिळून ६० डॉलरला. दोन्हीत आधीच्या मालकाचं बॅकिंग, म्हणजे मुख्य लाइनच्या मागे रीलच्या तळाशी भरतात तो दोरा, तसंच आहे, कुठलं ते कळत नाही. नोव्हेंबरात मिशिगनमधल्याच पेर मार्केट नदीवर स्टीलहेडसाठी, म्हणजे सरोवरातून नदीत चढणाऱ्या मोठ्या ट्राउटसाठी, जायचं ठरलंय. दुकानात विचारलं तर दोन्हीत जेल-स्पन (बारीक पण फार मजबूत असा महागडा दोरा) भरा म्हणाले, म्हणजे नुसत्या बॅकिंगचे सव्वाशे डॉलरच्या आसपास. एक मित्र म्हणतो बॅकिंगमध्ये काटकसर करू नकोस, आयुष्यातला मासा जाईल. दुसरा म्हणतो घरात पडलेली मोनो, म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची लाइन, भर, कुणाला कळतंय. कंपनीत ले-ऑफ चालू आहेत, घरात हात आखडता घेतलाय, आणि बायको म्हणाली, "नुसत्या दोऱ्याला एवढे पैसे?" त्यांना विचारायचंय की परवडणारं पण भरवशाचं बॅकिंग कुठलं, आणि असं पै-पै मोजत बसणं हा चिकटपणा आहे का.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ५ वेटच्या रीलमध्ये २० पाउंडाचं (म्हणजे तेवढा ताण सोसणारं) साधं विणलेलं डॅक्रॉन १०० यार्ड, ८ वेटच्या रीलमध्ये तेच २० पाउंडाचं किंवा ३० पाउंडाचं, मावेल तितकं, १५० यार्डांच्या आसपास. दोन्हीचा मिळून खर्च २५-३० डॉलरच्या घरात बसतो. पेर मार्केटला हे पुरून उरतं. आता पुढचं निवांत वाचा, कारण तुमच्या पत्रात बॅकिंगपेक्षा मोठी एक भीती आहे आणि ती काढून टाकल्याशिवाय तुम्ही ३० डॉलरचं घेतलंत तरी नदीवर मनात धाकधूक राहणार.

चिकटपणाचं म्हणाल तर मला त्यात चिकटपणा कुठेच दिसला नाही. नोकरीची टांगती तलवार असताना सव्वाशे डॉलर कशावर घालवायचे याचा विचार करणारा माणूस घर सांभाळणारा असतो. उलट मला तुमच्या त्या पहिल्या मित्राचं वाक्य खटकलं. "बॅकिंगमध्ये काटकसर करू नकोस, मासा जाईल." ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यात धरून चाललंय की मोठा मासा बॅकिंग तोडून जातो आणि महाग बॅकिंग तुटत नाही. हे जरा तपासून बघू या.

मासा आणि तुमच्या हातातली रील यांच्यामध्ये काय काय असतं ते माशाच्या बाजूनं मोजत या. आधी टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला तो केसासारखा बारीक तुकडा. ५ वेटवर ट्राउटसाठी तुम्ही ४एक्स किंवा ५एक्स जाडीचं लावत असाल, ते पाच-सहा पाउंडाला तुटतं. स्टीलहेडला ८-१० पाउंडाचं लावाल. मग लीडर, तो त्याहून जाड. मग फ्लाय लाइन, साधारण ९० ते १०० फूट, गोड्या पाण्यातल्या बहुतेक लाइनींचा गाभा २०-३० पाउंडाचा असतो. आणि सगळ्यात मागे, रीलच्या तळाशी, बॅकिंग, २० पाउंडाचं. आता मासा जोर लावणार तर आधी काय तुटेल? टिपेट. दर वेळी टिपेटच. १० पाउंडाच्या टिपेटमागे २० पाउंडाचं बॅकिंग लावा नाहीतर ६५ पाउंडाचं, माशाला काहीच फरक पडत नाही कारण त्याचा जोर तिथवर पोचायच्या आधीच पुढे तुटलेलं असतं.

मग बॅकिंगमुळे मासे जातात ते कसे? जातात, मला माहीत आहे, माझा गेलाय.

नऊ वर्षं झाली असतील, मस्कीगन नदी, एप्रिल महिना, पाणी बर्फाचं. माझ्याकडे सेकंडहँड ७ वेटची रील होती, तुमच्यासारखीच कुणाच्यातरी गराजमधून आलेली, आणि आतलं बॅकिंग बघून मला वाटलं की चांगलं दिसतंय, कशाला बदला. फ्लाय लाइनला जोडलेली गाठही आधीच्या मालकाचीच ठेवली, नीट दिसत होती, वरून कसलासा गोंद पण लावलेला. मासा लागला तो सरळ प्रवाहाबरोबर खाली निघाला. लाइन संपली, नारिंगी बॅकिंग बाहेर पडायला लागलं, मी काठाकाठानं पळत होते, आणि एकदम रील हातात हलकी झाली. मला आधी वाटलं टिपेट तुटलं. गुंडाळत आले तर पुढे लाइनच नाही. पाण्याबाहेर बॅकिंगचं नुसतं टोक आलं, आणि ते टोक स्प्रिंगसारखं पिळलेलं होतं.

ते पिळलेलं टोक तुम्ही लक्षात ठेवा, पुढेमागे उपयोगी पडेल. दोरा जोरानं तुटला किंवा घासून तुटला तर टोकाला पिंजल्यासारखे तंतू सुटतात. कापला गेला तर टोक साफ असतं. आणि पीळ राहिला असेल तर दोरा तुटलेलाच नसतो, गाठ सरकून सुटलेली असते. माझं २० पाउंडाचं स्वस्त डॅक्रॉन धडधाकट होतं. दुसऱ्याची गाठ मी न तपासता वापरली म्हणून ७५ डॉलरची लाइन गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मासा तोंडात हूक आणि मागे ९० फूट लाइन ओढत गेला. मी आणि सोबतची मैत्रीण, आम्ही दोघींनी अंधार पडेपर्यंत खाली दोन वळणांपर्यंत शोधलं. सापडली नाही. लाकडात कुठेतरी अडकून तो मेला असणार, आणि ते मला अजून लागतं. तुम्ही मासा सोडून देणाऱ्यांपैकी आहात असं पत्रावरून वाटलं म्हणून सांगतेय.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की बॅकिंगवर जे खर्च करायचं ते म्हणजे एक संध्याकाळ. पैसे थोडे चालतात, ती संध्याकाळ मात्र पूर्ण द्यायची.

आता तुमच्या दुकानदाराबद्दल. त्यानं तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही, जेल-स्पन ही खरंच चांगली चीज आहे. ५० पाउंडाचं जेल-स्पन हे २० पाउंडाच्या डॅक्रॉनपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे त्याच रीलमध्ये कितीतरी जास्त मावतं, आणि बारीक असल्यामुळे पाण्यातून ओढलं जाताना त्याला अडथळा कमी होतो. फ्लोरिडाच्या उथळ समुद्रात बोनफिश एका दमात शंभर यार्ड घेऊन जातो, ट्यूनाचं तर बोलायलाच नको, तिथे २००-३०० यार्ड बॅकिंग लागतं आणि रील तेवढीच ठेवायची असते, तिथे जेल-स्पनचे पैसे वसूल. किंवा दोन हातांच्या स्पे रॉडची ती जाडजूड लाइन एखाद्या रीलमध्ये कशीबशी मावत असेल आणि बॅकिंगला जागाच उरत नसेल, तिथेही. पण यार्डामागे हिशेब केला तर ते डॅक्रॉनच्या दुप्पट-तिप्पट पडतं. शिवाय ते सुरीसारखं आहे. मासा पळत असताना चुकून बोट लावलंत तर कापणारच. सैल गुंडाळलंत तर ताण आल्यावर वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत रुतून बसतो आणि माशाच्या ऐन धावेत अडकतो, म्हणजे टिपेट गेलं. गुळगुळीत असल्यामुळे स्पूलवरच, म्हणजे रीलमधल्या दोरा गुंडाळायच्या चाकावरच, घसरतं, अख्खा गठ्ठा आतल्या आत फिरत राहतो. हे सगळं सांभाळता येतं, पण नवशिक्याला सांभाळावं लागू नये असं मला वाटतं.

डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरच, आपल्याकडे बाबांच्या पँटी ज्या टेरिलीनच्या असायच्या तेच मूळ द्रव्य. ते फार ताणत नाही, पाण्यानं कुजत नाही, बोट कापत नाही, जरा फुगीर असल्यामुळे एकात एक रुतत नाही आणि गाठ धरून ठेवतं. छोट्या १०० यार्डांच्या रिळाला ८ ते १२ डॉलर पडतात. कॉर्टलँड, सायंटिफिक अँगलर्स, रिओ या सगळ्यांची २० पाउंडाची डॅक्रॉन मी वापरलीत, नदीवर डोळे मिटून हातात दिलंत तर कुठलं कुठलं ते मला ओळखता येणार नाही. जे सेलमध्ये असेल ते घ्या. रंग मात्र लाइनपेक्षा वेगळा आणि भडक घ्या, नारिंगी किंवा पोपटी, म्हणजे मासा बॅकिंगवर गेलाय हे संध्याकाळच्या उजेडातही दिसतं.

यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. १०० वार दोरा म्हणजे किती होतो ते एकदा मैदानावर चालून बघा. ह्युरन नदीवर स्मॉलमाउथ बास पकडताना मी आजवर एकदाही बॅकिंग पाहिलेलं नाही, तुमच्या ५ वेटला बहुधा दिसणारच नाही. आणि पेर मार्केटचं सांगायचं तर ती काही रुंद उघडी नदी नाही. तुम्ही बहुतेक बाल्डविनजवळच्या फक्त-फ्लायच्या पट्ट्यात जाल, एम-३७ च्या पुलापासून ग्लीसन्स लँडिंगपर्यंत, तिथे वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर पाण्यात पडलेली झाडं. स्टीलहेड तिथे ५० यार्ड गेला तर तो कुठल्यातरी ओंडक्याखालून गेलेला असतो. म्हणजे मागे ३०० यार्ड असले काय आणि १०० असले काय, तुम्हाला पाण्यातून त्याच्या मागे चालत जायचंय, वाकून, काठी टेकत. एकदा मासा त्या लाकडात पार आत गेला की बॅकिंगच्या लांबीनं काही होत नाही.

मग बॅकिंग हवंच कशाला, असं तुम्ही विचाराल. स्पूल भरायला. हे काम कुणी फारसं सांगत नाही पण रोज उपयोगी पडतं ते हेच. समजा रिकाम्या स्पूलचा मधला भाग ४ सेंटिमीटर व्यासाचा आहे, तर हँडलच्या एका फेऱ्याला साडेबारा सेंटिमीटर लाइन आत येते. बॅकिंग भरून तोच व्यास साडेसात केला तर एका फेऱ्याला साडेतेवीस. मासा तुमच्याकडे तोंड करून धावत आलाय आणि २० मीटर लाइन सैल पडलीय, ती गोळा करायला पहिल्या रीलला १६० फेरे मारावे लागतील, दुसरीला ८५. शिवाय छोट्या वेटोळ्यात बसलेली लाइन थंडीत बाहेर काढली की गुंडाळीसारखी वळलेली राहते, मोठ्या वेटोळ्यातली सरळ पडते. हा भरावाचा फायदा घ्यायला बॅकिंग महाग असायची काहीच गरज नाही, उलट जाडसर डॅक्रॉन लवकर भरतं. आता ते बारीक जेल-स्पन तुमच्या ५ वेटच्या रीलमध्ये १०० यार्ड घातलंत तर स्पूल पुरतं भरणारच नाही, हे दुकानात तुम्हाला कुणी सांगितलं का?

दुसऱ्या मित्राची मोनो मात्र नको. घरात आहे, फुकट आहे, सगळं खरं. मोनो ताणते. माशानं ओढलेली, ताणलेली मोनो तुम्ही तशीच गुंडाळत आलात की ती स्पूलवर आकसते आणि शेकडो फेरे एकदम मधला भाग आवळायला लागतात. जुन्या हलक्या रीलचं स्पूल त्यानं वाकतं, कधी फुटतं. शिवाय महिनाभर पडून राहिली की स्प्रिंगसारखी वळून बसते. घरात स्पिनिंगसाठी आणलेली विणलेली सुपरलाइन पडून असेल, ५०-६५ पाउंडाची, तर ती चालेल, तिला जेल-स्पनचीच सगळी पथ्यं लागतील, बोट लावायचं नाही, करकचून गुंडाळायची, स्पूलवर आधी डॅक्रॉनचे किंवा मोनोचे दोन-चार फेरे नाहीतर कापडी टेपचा तुकडा म्हणजे घसरणार नाही. पण मुद्दाम विकत आणू नका, डॅक्रॉनपेक्षा स्वस्त पडत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातली, गवंडी लाइनदोरीला वापरतात तसली नायलॉनची दोरी बऱ्याच जणांना सुचते, ती जाड असते, पाणी पिते आणि ताणते, तीही नको.

तुमच्या दोन रीलमधलं जुनं बॅकिंग फेकायच्या आधी तपासा, कदाचित नवं घ्यायचीही गरज नसेल. आधी सगळं बाहेर काढा, अगदी स्पूल दिसेपर्यंत. नखानं चिमटून, दोन बोटांतून सगळी लांबी सरकवा, कुठे खरबरीत लागतंय का, पिंजलंय का, चपटं पडलंय का. मग इंडियाला जाताना बॅगा तोलायला घेतलेला तो हातात धरायचा काटा आपल्या सगळ्यांच्या घरी असतोच, तो काढा. बॅकिंगचा मीटरभर तुकडा सोडून दोरा एका लाकडी लाटण्याला सात-आठ वेळा गुंडाळा, हाताला अजिबात गुंडाळू नका, दुसरं टोक काट्याच्या हुकात बांधा आणि हळूहळू ओढा. १५ पाउंडापर्यंत काहीच झालं नाही तर पुढच्या दोन-तीन ठिकाणी तेच करून बघा. सगळीकडे टिकलं तर पहिले चार-पाच मीटर कापून टाका आणि उलटं करून भरा, म्हणजे इतकी वर्षं तळाशी दडलेला, ऊन-पाणी न पाहिलेला भाग वर येईल. एका जागी जरी ८-१० पाउंडाला तुटलं तर दया करू नका, सगळं बदला. हा सगळा कार्यक्रम अर्ध्या तासाचा आहे आणि त्यात एक रील जरी वाचली तरी तुमचा खर्च १५ डॉलरवर आला.

आता ती संध्याकाळ.

मी मूळची येवल्याची. आमच्याकडे संक्रांतीला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. पतंग भाऊ उडवायचे आणि आसारी माझ्या हातात. आसारी म्हणजे दोरा गुंडाळायची ती बांबूची फिरकी. पेच लागला की ढील द्यायची, तेव्हा दोरा आसारीवरून सुळसुळत सुटला पाहिजे, मधे कुठे अडला तर पतंग गेला आणि भावाच्या शिव्या मला. म्हणून आदल्या रात्री दोरा भरताना आजोबा माझ्याकडून दोऱ्याला फडक्याची चिमूट धरायला लावायचे. सैल भरलास तर उद्या रुतेल, म्हणायचे, आणि एकाच जागी भरलास तर डोंगर होऊन ढासळेल. मिशिगनमध्ये पहिल्यांदा रील भरायला बसले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी मला जे जे सांगितलं ते सगळं माझ्या बोटांना आधीच ठाऊक होतं.

तर तसंच करायचं. नव्या बॅकिंगच्या रिळातून एक पेन्सिल घाला आणि कुणालातरी दोन्ही टोकं धरायला सांगा. तुम्ही मुलीचा उल्लेख केलाय, आठ वर्षांची, तिला हे काम आवडेल. रिळाच्या कडेला तिनं अंगठ्यानं हलका दाब ठेवायचा. तुम्ही दोरा ओल्या फडक्याच्या चिमटीतून घ्यायचा आणि बोटानं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहायचा, अगदी शेजारी-शेजारी चिकटवून नाही, जरा तिरपा, म्हणजे वरचा फेरा खालच्या दोघांच्या फटीत घुसत नाही. ओढून बघा, भरलेलं बॅकिंग अंगठ्यानं दाबलं तर दबता कामा नये.

किती भरायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण रीलच्या डब्यावर लिहिलेला आकडा तुमच्या लाइनला लागू पडेलच असं नाही, आणि गराजच्या रीलला डबाच नसतो. (३० पाउंडाचं जाड असतं, २० चं जितकं मावतं त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच मावतं, हे धरून चला.) त्याला सोपा उपाय म्हणजे उलटं भरायचं. आधी फ्लाय लाइन, तिचं पुढचं, माशाकडचं टोक स्पूलला चिकटपट्टीनं लावून सगळी गुंडाळा. तिच्या मागच्या टोकाला बॅकिंग तात्पुरतं बांधा आणि भरत जा, स्पूलच्या काठाला पाव इंच राहिलं की थांबा आणि तिथे कापा. आता हे सगळं बाहेर काढून पुन्हा उलटं भरायचंय, बॅकिंग आधी आणि लाइन वर. दुसरी रिकामी रील असेल तर तिच्यावर घ्या, नसेल तर अंगणातल्या गवतावर लांबच लांब पसरा, गाठी पडत नाहीत. दोनदा काम होतं, पण एकही यार्ड अंदाजानं विकत घ्यावा लागत नाही.

गाठी दोनच लागतात. स्पूलला आर्बर नॉट, म्हणजे दोरा स्पूलभोवती नेऊन टोकाची साधी गाठ मुख्य दोऱ्याभोवती मारायची, टोकाला आणखी एक साधी गाठ मारायची आणि ओढायचं, पहिली सरकत जाऊन स्पूलला आवळते आणि दुसरी तिला अडते. लाइनच्या मागच्या टोकाला तयार लूप असेल तर बॅकिंगला डबल सर्जन्स लूप करा, पण एवढा मोठा की फ्लाय लाइनचं अख्खं वेटोळं त्यातून पार जाईल, म्हणजे पुढे लाइन बदलायची असली तर काही कापावं लागत नाही. लूप नसेल, जुन्या लाइनला बऱ्याचदा नसतो, तर नेल नॉट. कॉफी ढवळायची ती बारीक पोकळ स्ट्रॉ लाइनशेजारी धरायची, त्या दोन्हींभोवती बॅकिंगचे सात-आठ फेरे घ्यायचे, टोक स्ट्रॉमधून परत घालायचं, स्ट्रॉ काढून घ्यायची आणि थुंकी लावून हळूहळू आवळायचं, फेरे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. बॅकिंग लाइनच्या कातडीत किंचित रुतलेलं दिसलं की बसली. हातमोजा घालून दोन्हीकडून खरंच जोरानं ओढा. सुटायचीच असेल तर स्वयंपाकघरात सुटू दे. माझी पहिली तीन सुटली होती, चौथी सात वर्षं टिकली.

कापलेले तुकडे बारीक करून कचऱ्यात टाका, नदीवर खिशात. नायलॉन मांजानं पक्ष्यांचं काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको, २०१७ मध्ये हरित लवादानं त्यावर देशभर बंदी आणली ती उगीच नाही, आणि काठावर राहिलेला हा दोरा तितकाच वाईट. पेर मार्केटच्या काठानं मी पायाला दोरा गुंडाळलेला बगळा पाहिलाय.

अजून स्वस्त पाडायचं असेल तर एकत्र घ्या. डॅक्रॉनची मोठी रिळं मिळतात, हजार यार्डांची आणि त्याहूनही मोठी, आणि यार्डामागे भाव बराच खाली येतो. आमच्यातल्या चौघांनी एकदा असं एक मोठं रीळ घेतलं आणि एका रविवारी एकीच्या घरी बसून सगळ्यांच्या रील भरल्या, वर्षं झाली, अजून थोडं उरलंय. तुमचे ते दोन मित्र, त्यांच्यापैकी निदान एकाला बदलायचं असेलच. आणि नवी लाइन जिथून घ्याल तिथे विचारा, लाइन घेतली की बॅकिंग फुकटात भरून देणारी बरीच दुकानं असतात, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त ते मशीनवर भरतात, तर घरी येऊन एकदा अंगठ्यानं दाबून बघा, सैल वाटलं तर काढून पुन्हा भरा.

एक गोष्ट तुमच्या पत्रातून मला पुन्हा पुन्हा दिसली आणि ती बोलू का नको असं झालं, पण बोलते. तुम्ही लिहिलंय की या वर्षी नदीवर चारदाच जाणं झालं. चारदा, आणि रीलबद्दल, लाइनबद्दल, बॅकिंगबद्दल व्हिडिओ बघण्यात मात्र रोजची रात्र. मला वाटतं जायला मिळत नाही म्हणून सामानात मन गुंततं, माझंही व्हायचं, मुलं लहान असताना मी वर्षभरात तीन वेळा गेले असेन आणि फ्लायबॉक्स मात्र चार झाले होते. बायकोचं "नुसत्या दोऱ्याला एवढे पैसे?" मला टोमणा वाटला नाही, तो खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिला देता येण्यासारखं आहे. तिला सांगा की दोरा ३० डॉलरचा घेतोय. आणि वाचलेल्या ९० डॉलरमधून पेट्रोल घालून ऑक्टोबरात एकदा सगळ्यांना घेऊन बाल्डविनला जा, तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे, झाडं रंगलेली असतात, सॅमन वर चढत असतात आणि काठावरून नुसते दिसतात, मुलीला ते कधी विसरता येणार नाही. तुम्हालाही नोव्हेंबरच्या आधी नदी बघून होईल, कुठे उतरायचं, कुठे लाकडं आहेत, मासा पळाला तर कुठून चालत जायचं. स्टीलहेड हातात यायला त्याचा उपयोग होतो, कुठल्याही बॅकिंगपेक्षा जास्त.

घरी परत आल्यावर रील तशीच बॅगेत टाकू नका. जिथवर बॅकिंग ओलं झालं असेल तिथवर काढून टॉवेलवर रात्रभर पसरा, दुसऱ्या दिवशी फडक्याच्या चिमटीतून परत भरा. डॅक्रॉन कुजत नाही, पण त्यात नदीची बारीक वाळू राहते आणि ती आतून घासत राहते, गाठीलाही.

आणि भरायला बसायच्या आधी, पेन्सिल मुलीच्या हातात द्यायच्याही आधी, हँडल कुठल्या हातानं फिरवणार ते ठरवा आणि दोरा ओढून बघा, ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, दोरा बाहेर जाताना लागतोय की आत येताना. जुन्या रील बऱ्याचदा उजव्या हाताला लावलेल्या असतात. दीडशे यार्ड करकचून भरून झाल्यावर ते लक्षात आलं तर सगळं परत काढावं लागतं.